टाळ्यांचा आवाज आणि हुकूमशहाची पावले

दिनांक २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढे केलेल्या समारोपाच्या भाषणात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या देशाला तीन इशारे दिले. पहिला इशारा असा की, आपली उद्दिष्टे साध्य करताना घटनात्मक मार्ग सोडू नका. तिसरा असा की, सामाजिक आणि आर्थिक विषमता तशीच राहिली तर राजकीय लोकशाहीचा डोलारा कोसळेल. हे दोन इशारे आपल्या व्यासपीठांवरून दरवर्षी सांगितले जातात आणि ते योग्यच आहे. मधला इशारा मात्र आपण बहुधा ओलांडून पुढे जातो. माणूस कितीही थोर असला तरी आपले स्वातंत्र्य त्याच्या चरणी वाहू नका, असे बाबासाहेबांनी त्यात बजावले होते. धर्मात भक्तीला जागा असेल. राजकारणातील भक्ती मात्र अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असा त्याचा आशय होता.

आता प्रश्न असा पडतो की, राजकारणात ही भक्ती येते कोठून? ती आपोआप उगवत नाही. ती पेरावी लागते, तिला खतपाणी घालावे लागते. भाषण ऐकून माणूस विचार करतो आणि विचार करणारा माणूस शंकाही काढतो. परंतु गाणे, चित्र, नाटक, मिरवणूक, झेंडे आणि रोषणाई ही थेट काळजाला भिडतात. म्हणूनच जगातील जवळजवळ प्रत्येक हुकूमशहाने सैन्याइतकेच लक्ष कलेकडे दिले. ज्या समाजाची चळवळ गाण्यावर, जलशावर आणि तसबिरीवर उभी राहिली, त्या आपल्या समाजाने तर ही गोष्ट अधिकच बारकाईने समजून घेतली पाहिजे. त्या दृष्टीने हा लेख.

चित्रकार होऊ न शकलेला माणूस

ॲडॉल्फ हिटलर तरुणपणी चित्रकार होण्यासाठी व्हिएन्नाला गेला होता. तेथील कला अकादमीने १९०७ आणि १९०८ असे दोन वेळा त्याला नाकारले. ही गोष्ट पुष्कळदा गमतीने सांगितली जाते. परंतु त्यातून घ्यायचा बोध एवढाच की, चित्र, रंग, संगीत आणि रंगमंच यांची ताकद हा माणूस चांगली ओळखून होता. १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्याने प्रचाराचे तंत्र उघडपणे मांडले आहे. मुद्दे थोडे ठेवायचे, ते सर्वांत अडाणी माणसाला कळतील इतके सोपे करायचे, बुद्धीला नव्हे तर भावनेला हात घालायचा आणि तेच ते पुन्हा पुन्हा सांगत राहायचे.

१९२९ च्या जागतिक मंदीनंतर जर्मनीत हाहाकार उडाला. १९३२ च्या सुरुवातीला तेथे सुमारे ६० लाख लोक बेकार होते. भुकेल्या माणसाला हिशेब नको असतो, उत्तर हवे असते. हिटलरने त्याला झेंडा दिला, गणवेश दिला, रांगेत एक जागा दिली आणि दोष देण्यासाठी एक शत्रू दिला. तो शत्रू म्हणजे ज्यू. १९३२ च्या निवडणुकांत विमानातून एका शहरातून दुसऱ्या शहरात जाऊन सभा घेण्याची नवी पद्धत त्याने वापरली. भिंती भित्तिपत्रकांनी भरून गेल्या. जुलै १९३२ मध्ये त्याच्या पक्षाला ३७ टक्के मते पडली. हे ध्यानात ठेवले पाहिजे की, मुक्त निवडणुकीत त्याला कधीही निम्म्याहून जास्त मते मिळाली नाहीत. तरीही सर्वांत मोठा पक्ष म्हणून आणि इतरांच्या हातमिळवणीमुळे ३० जानेवारी १९३३ रोजी तो जर्मनीचा चान्सलर झाला.

सत्ता आल्यावर दीड महिन्याच्या आत प्रचाराचे स्वतंत्र मंत्रालय निघाले आणि ते गोबेल्सकडे देण्यात आले. १० मे १९३३ च्या रात्री बर्लिनमध्ये आणि इतर विद्यापीठांच्या शहरांत विद्यार्थ्यांकडून नको असलेल्या लेखकांच्या पुस्तकांच्या होळ्या करविण्यात आल्या. सप्टेंबरमध्ये सर्व कलावंतांसाठी एक सरकारी संस्था स्थापन झाली. जो तिचा सभासद नाही त्याला चित्र विकता येईना, नाटकात काम करता येईना, वाद्य वाजवून पोट भरता येईना. त्याच वर्षी ७६ मार्कांत मिळणारा स्वस्त रेडिओ बाजारात आणला गेला. गरिबाच्या घरात रेडिओ आला याचा आनंद झाला, पण त्या रेडिओतून बहुधा एकच आवाज ऐकू येत होता. पुढे युद्ध सुरू होताच परदेशी केंद्र ऐकणे हा गुन्हा ठरला.

१९३४ च्या न्यूरेंबर्ग येथील पक्षमेळाव्यावर लेनी रीफेनश्टाल या दिग्दर्शिकेने काढलेला चित्रपट १९३५ साली पडद्यावर आला. त्याच्या आरंभी नेत्याचे विमान ढगांतून खाली उतरते, जणू देवच अवतरला. पुढे हजारो माणसे दोरी लावल्यासारख्या सरळ रांगांत उभी दिसतात. त्या रांगांत कोणाही एका माणसाला चेहरा नाही. चेहरा फक्त एकाचाच. हुकूमशाही म्हणजे काय, हे त्या चित्रपटाने नकळत सांगून टाकले आहे.

१९३७ मध्ये म्युनिक येथे सरकारला पसंत असलेल्या कलेचे एक आणि 'भ्रष्ट' ठरवलेल्या कलेचे दुसरे, अशी दोन प्रदर्शने भरली. दुसऱ्या प्रदर्शनात आधुनिक चित्रकारांची चित्रे भिंतीवर वेडीवाकडी टांगून त्यांची टवाळी करण्यात आली. त्यात एमिल नोल्डे या चित्रकाराची चित्रे फार मोठ्या संख्येने होती. हा नोल्डे स्वतः हिटलरच्या पक्षाचा सभासद होता! भक्ती केली म्हणून हुकूमशहा आपल्याला सोडील, असे मानणाऱ्यांनी नोल्डेची आठवण ठेवावी.

मुलांच्या चित्रमय पुस्तकांत ज्यूंना विषारी अळंबी म्हटले गेले. चित्रपटात त्यांची तुलना उंदरांशी झाली. त्यानंतर संहारछावण्या आल्या आणि सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या झाली. हा क्रम आपण विसरता कामा नये. एखाद्या समाजाला अमंगल ठरवणारी गोष्ट, म्हण आणि चित्र आधी येते, पाणवठ्यावरची बंदी त्यानंतर येते. हे आपल्या वाडवडिलांना कोणत्याही पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

आपल्या शेजारचा हुकूमशहा

जर्मनी दूर आहे असे कोणी म्हणेल. परंतु १९६१ पर्यंत युरोपातील एका हुकूमशहाची हद्द आपल्या जिल्ह्याला लागून होती. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला. तोपर्यंत सावंतवाडी, बांदा, आंबोली हा सारा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यातच होता आणि बांद्याच्या पलीकडे गोव्यात पोर्तुगालच्या सालाझारचे राज्य होते.

सालाझार हा हिटलरसारखा आरडाओरडा करणारा नव्हता. तो अर्थशास्त्राचा प्राध्यापक होता. १९३२ मध्ये तो पंतप्रधान झाला आणि १९६८ पर्यंत त्या खुर्चीवर राहिला. काटकसरी, शांत, देवभीरू, घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखा अशी त्याची प्रतिमा घडविण्यात आली. १९३३ मध्ये राष्ट्रीय प्रचार कचेरी निघाली आणि तिचा प्रमुख म्हणून आंतोनियो फेरो हा लेखक नेमला गेला. १९३८ मध्ये 'सालाझारची शिकवण' या नावाची चित्रांची मालिका प्राथमिक शाळांसाठी छापण्यात आली. त्यातील सर्वांत प्रसिद्ध चित्रात शेतावरून घरी परतणारा बाप, चुलीपाशी आई आणि धावत येणारी मुले आहेत. वरवर पाहता किती गोड चित्र! पण त्याचा अर्थ असा की बापाने राबावे, आईने रांधावे, मुलांनी ऐकावे आणि राज्यकारभाराची चौकशी कोणी करू नये. गोड चित्र हे भयंकर चित्राइतकेच कामाचे असते, हे सालाझारने ओळखले होते.

गोव्यात वृत्तपत्रांवर इतकी कडक तपासणी होती की लग्नाच्या निमंत्रणपत्रिकाही छापण्यापूर्वी अधिकाऱ्याला दाखवाव्या लागत. १९५१ मध्ये वसाहतवादावर जगभर टीका होऊ लागली, तेव्हा पोर्तुगालने घटनेतील शब्दच बदलला. 'वसाहत' हा शब्द काढून 'सागरापलीकडील प्रांत' असा शब्द घातला. गोवेकरांच्या हाती काही आले नाही, तुरुंगाचे दार होते तेथेच राहिले, फक्त दारावरची पाटी बदलली. शब्द बदलून वस्तू बदलल्याचा भास निर्माण करणे, हे प्रचाराचे जुने कसब आहे.

या प्रचाराला उत्तर आपल्याच मुलखातून दिले गेले, ही अभिमानाची गोष्ट आहे. १९५५ च्या नोव्हेंबरमध्ये आंबोलीच्या जंगलातून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी गुप्त नभोवाणी केंद्र सुरू केले. पुढे ते कॅसलरॉकच्या बाजूला हलवण्यात आले. डासांचा, जळवांचा आणि पावसाचा त्रास सोसत त्यांनी १९६१ पर्यंत कोकणी आणि पोर्तुगीज भाषांतून बातम्या दिल्या. पोर्तुगीज नभोवाणी जे खोटे सांगे, ते खोडून खरे काय ते सांगितले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा याच दोघांनी विमानातून ध्वनिक्षेपकावर ती वार्ता गोवेकरांना ऐकवली. लिबिया लोबो सरदेसाई यांना २०२५ साली वयाच्या शंभरीत पद्मश्री मिळाली. एका हुकूमशहाची सारी यंत्रणा एकीकडे आणि जंगलातील एक छोटे प्रक्षेपण यंत्र दुसरीकडे. तरी सहा वर्षे तो आवाज बंद पडला नाही.

एकवीस महिने

सालाझार परका होता. पण आपल्या स्वतंत्र भारतातही २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७ असे एकवीस महिने नागरिकांचे मूलभूत हक्क गोठवले गेले. हिटलरशी किंवा सालाझारशी इंदिराजींची सरसकट तुलना करणे योग्य होणार नाही. शेवटी त्यांनीच निवडणूक घेतली आणि पराभव मान्य केला. तरीही कला आणि वृत्तपत्रे ताब्यात घेण्याची पद्धत किती सारखी होती, हे पाहण्यासारखे आहे.

पहिल्याच रात्री दिल्लीत वृत्तपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडण्यात आली. मग बातम्या छापण्यापूर्वी तपासून घेण्याचा हुकूम निघाला. फेब्रुवारी १९७६ मध्ये देशातील चार वृत्तसंस्था एकत्र करून 'समाचार' ही एकच संस्था बनविण्यात आली. चार तोंडांनी बोलले तर चार गोष्टी कळतात, म्हणून एकच तोंड ठेवले. काँग्रेसचे अध्यक्ष देवकांत बरुआ यांनी इंदिरा म्हणजेच भारत असे जाहीर करून टाकले. बोलणे कमी करा, काम जास्त करा, अशा पाट्या बसगाड्यांवर आणि चौकांत लागल्या. आपल्या कोकणातच जन्मलेल्या विनोबांनी वापरलेला 'अनुशासन पर्व' हा शब्द सरकारी प्रचाराने उचलला, कारण संताच्या तोंडचा शब्द लोकांना पटतो. पंढरपूरला जन्मलेले विख्यात चित्रकार एम. एफ. हुसेन यांनी इंदिराजींना दुर्गेच्या रूपात रंगवले.

ज्यांनी साथ दिली नाही त्यांचे काय झाले? सरकारी कार्यक्रमाच्या प्रचाराला सहकार्य न केल्याबद्दल किशोरकुमार यांची गाणी मे १९७६ मध्ये आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून बंद झाली. सत्तेची थट्टा करणाऱ्या 'किस्सा कुर्सी का' या अमृत नाहटा यांच्या चित्रपटाच्या प्रती आणि निगेटिव्ह नाहीशा झाल्या. १९७८ मध्ये तो पुन्हा तयार करावा लागला. निवडणुकीच्या तोंडावर, ६ फेब्रुवारी १९७७ रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर विरोधकांची मोठी सभा होती. त्या दिवशी लोकांनी घरीच बसावे म्हणून दूरदर्शनवर 'बॉबी' हा लोकप्रिय चित्रपट लावला गेला, असे त्या काळाविषयी लिहिणाऱ्यांनी नमूद केले आहे. तरीही लोक सभेला गेले. करमणूक ही बंदीपेक्षाही मऊ बेडी असते, पण प्रत्येक वेळी ती पायात बसतेच असे नाही.

महाराष्ट्रात विरोधाचे काही आवाज उठले त्यांचीही नोंद केली पाहिजे. १९७५ साली कऱ्हाड येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गा भागवत होत्या आणि स्वागताध्यक्ष होते केंद्रातील मंत्री यशवंतराव चव्हाण. अशा व्यासपीठावरून दुर्गाबाईंनी आजारी जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. पुढे त्यांना अटक झाली. मिनू मसानी यांच्या इंग्रजी मासिकाच्या खटल्यात १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, तपासनिसाला सरकारविरोधी मताची सरसकट गळचेपी करता येणार नाही. आपल्या राजापूर मतदारसंघाचे खासदार प्रा. मधु दंडवते बंगलोरच्या तुरुंगात होते. १९७७ मध्ये राजापूरच्या मतदारांनी त्यांनाच पुन्हा निवडून दिले. ज्या मतदारांपर्यंत त्यांच्याविषयी चांगले बोलणारी एकही बातमी पोचू दिली नव्हती, त्यांनी हे केले.

आपलेही काही चुकले का?

येथे एक अवघड गोष्ट लिहिणे भाग आहे. आणीबाणीला आपल्या समाजातूनही बऱ्यापैकी पाठिंबा होता. रिपब्लिकन पक्षाचे काही गट तेव्हा काँग्रेसबरोबर होते. दलित पँथरचे एक संस्थापक, मराठी कवितेला नवी भाषा देणारे नामदेव ढसाळ यांनीही १९७६ मध्ये इंदिराजींवर 'प्रियदर्शिनी' ही दीर्घ कविता लिहिली. यामागे केवळ स्वार्थ होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. १ जुलै १९७५ रोजी जाहीर झालेल्या वीस कलमी कार्यक्रमात भूमिहीनांना जमीन, कर्जातून सुटका, वेठबिगारीचा अंत अशी कलमे होती. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ मध्ये खरोखरच झाला. पिढ्यान्पिढ्या उपाशी राहिलेल्या माणसापुढे भाकरी ठेवली, तर तो वृत्तपत्राच्या स्वातंत्र्याची चौकशी प्रथम कशी करील?

पण भाकरी आणि बोलण्याचा हक्क यांत निवड करायला लावणे, हीच खरी फसवणूक असते. बोलण्याचा हक्क गेला की भाकरीचे काय झाले, हे विचारायलाही कोणी उरत नाही. त्याच काळात कुटुंबनियोजनाच्या सक्तीचा वरवंटा फिरला. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीचे विधेयकच मंजूर केले होते, ते अमलात आले नाही इतकेच. या सक्तीची झळ सर्वांत आधी गरिबाला, झोपडीतल्या माणसाला आणि दलिताला बसली. वृत्तपत्रे गप्प असल्याने त्यांची हाक कोणाला ऐकू गेली नाही. राज्यकर्त्यांनाही ती ऐकू गेली नाही! आपल्याच प्रचारावर विश्वास ठेवून त्यांनी जानेवारी १९७७ मध्ये निवडणूक जाहीर केली आणि ते पराभूत झाले. ढोल फार जोरात वाजला की वाजवणाऱ्याचेच कान आधी बधिर होतात.

प्रचार आणि प्रबोधन

कोणी विचारील, बाबासाहेबांच्या चळवळीनेही गाणी, जलसे, पत्रके वापरली. मग फरक काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आपल्याला देता आले पाहिजे.

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले. १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत', १९३० मध्ये 'जनता' आणि १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत' अशी त्यांची पत्रे निघाली. ज्यांना कोणतेही वृत्तपत्र जागा देत नव्हते, त्यांचा तो आवाज होता. नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या शाहिरांनी जलशांतून ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत विचार नेला. या जलशात गाण्याइतकीच सवाल-जबाबाची परंपरा होती. अडाणी पात्र शंका विचारी आणि शहाणे पात्र तिला उत्तर देई. म्हणजे शंकेला मंचावरच मानाची जागा होती. हिटलरच्या मेळाव्यात शंका विचारणारे पात्र कोठे होते?

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. पुस्तकाची होळी ही दोन्हीकडे दिसते, म्हणून काही जण दोन्हींना एकाच मापाने मोजतात. परंतु महाडला दहन करणाऱ्यांच्या हाती सत्ता नव्हती, त्यांना तळ्याचे पाणीही मिळत नव्हते. त्यांनी एका प्रतीचे दहन करून आपला निषेध जाहीर केला. दुसऱ्या दिवशी ज्याला मनुस्मृती वाचायची होती त्याला ती वाचता येत होती. कोणा पंडिताला देश सोडावा लागला नाही. बर्लिनमध्ये मात्र सत्ताधाऱ्यांनी पुस्तके जाळली, लेखक परागंदा केले आणि उत्तर देणाऱ्याची जीभच कापली. दुर्बळाचा निषेध आणि बलवानाची बंदी यांच्या ज्वाळा दुरून सारख्या दिसतात, जवळून त्या वेगळ्या असतात.

सम्राट अशोकाचे उदाहरणही येथे घेण्यासारखे आहे. राजाज्ञा दगडावर कोरून जागोजागी लावणे हा प्रचारच होता. त्यातील काही भाग आपल्या महाराष्ट्रात सोपारा येथे सापडला आहे. परंतु अशोकाच्या तेराव्या शिलालेखात कलिंगच्या युद्धात किती माणसे मेली, किती देशोधडीला लागली हे स्वतः राजाने सांगितले आहे आणि त्याबद्दल दुःख व्यक्त केले आहे. आपली चूक दगडावर कोरणारा राज्यकर्ता इतिहासात विरळा. मात्र तोच लेख खुद्द कलिंगमध्ये, धौली आणि जौगड येथे कोरलेला नाही, हेही अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. ज्याच्याविषयी आपल्याला आदर आहे त्याच्याही बाबतीत एवढा प्रश्न विचारणे, हाच खरा बौद्ध बाणा होय.

कालामांना दिलेली कसोटी

भगवान बुद्ध केसपुत्त गावी गेले असता तेथील कालाम लोकांनी त्यांना विचारले की, येथे अनेक उपदेशक येतात, प्रत्येक जण आपलेच खरे म्हणतो, आम्ही कोणाचे मानावे? भगवंतांनी 'माझे माना' असे सांगितले नाही. केवळ ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा भारदस्त दिसतो म्हणून किंवा तो आपला गुरू आहे म्हणून काही मानू नका. स्वतः तपासा, ते हितकारक आहे का ते पाहा आणि मग स्वीकारा, असा त्यांच्या उपदेशाचा आशय आहे. महापरिनिर्वाणाच्या वेळीही त्यांनी आपल्यामागे कोणी वारस नेमला नाही. धम्म हाच मार्गदर्शक राहील असे सांगितले.

आम्ही बँकेत काउंटरवर बसणारी माणसे. पाचशेची नोट हाती आली की ती कोणी दिली हे न पाहता आम्ही ती उजेडात धरतो, जलचिन्ह पाहतो, धागा पाहतो, बोटांनी कागद चाचपतो. ओळखीच्या ग्राहकाला त्यात अपमान वाटत नाही. हीच सवय शब्दांच्या आणि चित्रांच्या बाबतीत लावून घ्यायला काय हरकत आहे? माझ्या मते चार गोष्टी पाहाव्यात. एक, हे सांगणाऱ्याला उलट प्रश्न विचारण्याची सोय आहे काय? दोन, यात कोणत्या तरी समाजाला किडामुंगी ठरवले आहे काय? तीन, नेत्याची एखादी तरी चूक यात कबूल केली आहे काय? चार, हे ऐकून मी विचार करू लागलो की नुसताच टाळ्या वाजवू लागलो? पूर्वी सरकारकडे एक रेडिओ आणि एक दूरदर्शन असे. आता प्रत्येकाच्या खिशातील मोबाईलवर दिवसाला पन्नास चित्रफिती येतात आणि आपणच त्या पुढे पाठवतो. गोबेल्सला जे काम पगारी नोकरांकडून करून घ्यावे लागले, ते आपण फुकट करतो. म्हणून ही कसोटी आता पूर्वीपेक्षा जास्त गरजेची आहे.

शेवटी आपल्या घरातील गोष्ट. १९४३ मध्ये पुणे येथे न्यायमूर्ती रानडे यांच्यावर बोलताना बाबासाहेबांनी विभूतिपूजेवर आणि तिला खतपाणी घालणाऱ्या वृत्तपत्रांवर कठोर टीका केली होती. त्या बाबासाहेबांची जयंती आपण कशी साजरी करतो? बाबासाहेबांच्या छोट्या तसबिरीभोवती आजच्या पुढाऱ्यांची मोठमोठी छायाचित्रे लावलेला फलक चौकात लागतो. ध्वनिक्षेपकाच्या आवाजात शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. व्याख्यान संपले की लगेच आभारप्रदर्शन होते, प्रश्न विचारायला कोणाला वेळ नसतो. या स्मरणिकेतही शुभेच्छांच्या पानांवर छायाचित्रे असतील. छपाईचा खर्च भागवण्यासाठी ती लागतात, हे मलाही कळते. माझी तक्रार छायाचित्रांबद्दल नाही. छायाचित्र लावून झाल्यावर आपण त्या माणसाला काही विचारतो की नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

म्हणून एक साधी सूचना करतो. यापुढे आपल्या प्रत्येक जयंतीच्या आणि वर्षावासाच्या कार्यक्रमात व्याख्यानानंतर अर्धा तास प्रश्नांसाठी राखून ठेवावा. पहिला प्रश्न विचारण्याचा मान शाळेतील मुलामुलींना द्यावा. आणि २५ नोव्हेंबरच्या भाषणातील तो मधला इशारा दरवर्षी एका विद्यार्थ्याकडून मोठ्याने वाचून घ्यावा. खर्च काही नाही. पाहुण्यांना थोडे अवघड वाटेल एवढेच. पण ज्या विहारात मूल निर्भयपणे हात वर करून प्रश्न विचारते, त्या विहाराच्या वस्तीत हुकूमशहाच्या ढोलावर सहजासहजी कोणी नाचणार नाही.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम.